दारचें झाड

मनुष्याची परीक्षा त्याच्या मित्रांवरून करावी, असें सुभाषितकार सांगतात. आमच्या पनवेल गांवांत मात्र कित्येक वर्षें घराची ओळख दारच्या झाडावरून होत असे. एस. टी. च्या स्टँडवर उतरून कोणीं अमक्याचें घर कोठें असें विचारलें, तर "चिंचेच्या वळणावरचे का ते?" किंवा "कवठाच्या मागल्या अंगाला पाहा" असें उत्तर मिळे. पोस्टमनहि पत्त्यापेक्षां झाडावर अधिक विसंबून असे. आमचें घर कृष्णाळे तळ्याच्या बाजूस, एका अरुंद आळींत. त्याची खूण होती गुलमोहर. आम्ही शाळेंत असतांना वर्गांत आमच्या आडनांवाचे तिघे विद्यार्थी होते. पैकीं आम्हांस मास्तर 'गुलमोहरवाले' म्हणून हांक मारीत. पुढें आम्ही एम्. ए. झालों, महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागलों, डोक्यावरचे केस विरळ झाले. परंतु गांवांतील वृद्ध मंडळींच्या लेखीं आमची पदवी तीच राहिली. विद्यापीठाच्या पदवीहून ती आम्हांस अधिक प्रिय होती, हें येथें प्रथमच कबूल करतों. आणि त्या प्रीतीपायीं आमच्या हातून जो अपराध घडला, तो सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास बसलों आहों.

हा गुलमोहर आमच्या वडिलांनीं १९७२ सालीं लावला. तें साल महाराष्ट्रांत दुष्काळाचें म्हणून लोकांच्या स्मरणांत आहे. देशावर हजारों माणसें खडी फोडण्याच्या कामावर जात होतीं. वडील मुंबईस एका कचेरींत कारकून होते. आठवडाभर खोलीवर राहावें, शनिवारीं सायंकाळीं पनवेलीस यावें आणि सोमवारीं पहांटे परत निघावें, असा त्यांचा क्रम. अशाच एका शनिवारीं त्यांच्या पिशवींतून भाजीऐवजीं हातभर लांब, काळी, तलवारीसारखी एक शेंग निघाली. आम्ही त्या वेळीं तीन वर्षांचे; त्यामुळें ही हकीगत आम्हांस आईकडून कळलेली. शेंग हालविली कीं खुळखुळे, म्हणून ती प्रथम आमच्या हातीं आली, आणि आम्हांस कंटाळा आल्यावर परत वडिलांच्या हातीं गेली. गुलमोहराच्या बीचें कवच मोठें टणक. तें घासल्याखेरीज किंवा बी कढत पाण्यांत भिजत टाकल्याखेरीज आंत पाणी शिरत नाहीं. वडिलांनीं आईच्या चुलीवरचें आधण त्या बियांवर ओतलें, तेव्हां "एवढ्यांत चार जणांचा भात झाला असता," असें आजी म्हणाली म्हणे. पुढें जें रोप उगवलें, तें त्यांनीं अंगणांत, विहीर आणि शेजारची पडवी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत लावलें. जागेची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गुलमोहर हा मूळचा आपला नव्हे, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. त्याचें माहेर मादागास्कर बेटांतील कोरड्या, विरळ रानांत. बोहेमियांत जन्मलेला बोयर नांवाचा एक निसर्गशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्या बेटावर हिंडत असतां त्याच्या दृष्टीस हें झाड पडलें, आणि १८२९ सालीं इंग्लंडांतील एका वनस्पतिविषयक मासिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. तेथून पुढें या झाडानें जो दिग्विजय केला, तो एखाद्या चक्रवर्ती राजालाहि साधला नसता. उष्ण कटिबंधांत जेथें जेथें रस्ते आखले गेले, छावण्या वसल्या, बंगले उठले, तेथें तेथें तें पोंचलें. हिंदुस्थानांत तें आलें एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. म्हणजे कालिदासास तें माहीत नव्हतें आणि ज्ञानेश्वरांसहि नव्हतें. परंतु गंमत अशी कीं, इतक्या उशिरां येऊन त्यानें इतकें घरगुती नांव मिळविलें. 'गुल' हा शब्द फारसी. पुढील पद कोणी मोर म्हणून लावतात, कोणी मोहोर म्हणून. बंगाल्यांनीं तर त्यास थेट कृष्णाच्या मस्तकावर नेऊन बसविलें. ते त्याला कृष्णचूडा म्हणतात. साताऱ्यास दरवर्षीं १ मे रोजीं गुलमोहराचा उत्सव होतो. पाहुण्याचा इतका सत्कार आमच्या लोकांनीं क्वचितच केला असेल.

शास्त्रज्ञ या झाडास डेलॉनिक्स रेजिया म्हणतात. रेजिया म्हणजे राजस. पहिलें पद ग्रीक. 'डेलॉस' म्हणजे स्पष्ट आणि 'ओनिक्स' म्हणजे नख. पाकळ्यांचे देठ लांब, नखरासारखे दिसतात, म्हणून हें नांव. हा अर्थ पुस्तकांत वाचला त्या दिवशीं आम्ही मोठ्यानें हंसलों. कारण आळींतील मुलींना तो आधींच ठाऊक होता. कळी उमलली कीं तिचीं बाहेरचीं हिरवीं दळें त्या बोटांना चिकटवीत आणि राक्षसिणीसारखीं नखें करून आमच्या अंगावर येत. आम्हां मुलांचा खेळ निराळा. फुलांतील दहा केसरांपैकीं एकेक घ्यावा, त्यांचीं डोकीं एकमेकांत अडकवावीं आणि ओढावें. ज्याचें डोकें तुटेल त्याचा कोंबडा हरला. चार पाकळ्या निखळ तांबड्या आणि पांचवी पांढरट, तांबड्या शिंतोड्यांची. ती आंबट लागते म्हणून आम्ही ती खात असूं. आणि शेंगा काळ्या पडून गळल्या कीं अंगणांत पानिपत होई. त्या तरवारींनीं आम्हीं जितके वार झेलले, तितके आमच्या कुळांत दुसऱ्या कोणीं झेलले नसतील.

माघ-फाल्गुनांत त्याचीं पानें झडत. मग तें झाड इतकें भकास दिसे कीं, नवा माणूस तें वठलें असें समजे. चैत्र अर्धा सरेपर्यंत हीच स्थिति. आणि मग एके दिवशीं, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आम्ही घरीं यावें, तों एखाद्या शेंड्यावर तांबडा ठिपका दिसावा. वैशाखांत सबंध झाड पेटलेलें. त्या उन्हाळ्यांत विहिरीच्या पाण्यावर तांबड्या पाकळ्यांची साय धरे; आई ती कळशीनें बाजूस सारून पाणी भरी. वडील शनिवारीं येत तेव्हां पिशवी ओट्यावर ठेवून प्रथम झाडाखालीं उभे राहत. ते अबोल होते. मुंबईंतील त्यांच्या खोलीस एकच खिडकी होती आणि ती भिंतीकडे उघडत असे, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं समजलें. तेव्हां त्या उभें राहण्याचा अर्थ कळला. २००९ सालीं ते वारले. त्यानंतर तें झाड आमच्या दृष्टीनें नुसतें झाड राहिलें नाहीं.

याच सुमारास पनवेलहि पूर्वींचें पनवेल राहिलें नाहीं. एके काळीं हें भात, मीठ आणि बैलगाड्यांच्या चाकांसाठीं नांवाजलेलें बंदर. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि भोंवतालच्या भातशेतांवर नवें शहर आंखलें गेलें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला; २०१६ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली; आणि तालुक्यांत टेकडी कापून जो विमानतळ बांधला, त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. आम्ही प्रगतीचे वैरी नाहीं. लोकांना घरें हवींत, रस्तेहि हवेत. परंतु या तीस-चाळीस वर्षांत वळणावरची चिंच गेली, कवठ गेलें, खुणेचीं झाडें एकेक करून गेलीं. आणि पोस्टमनची जागा खिशांतल्या नकाशानें घेतली. जसजशीं इतर झाडें पडत गेलीं, तसतसा आमच्या गुलमोहराविषयींचा अभिमान चढत गेला. अभिमान चढला कीं दृष्टि मंद होते, हा सिद्धान्त आम्ही शेक्सपिअरच्या शोकांतिका शिकवितांना दरवर्षीं फळ्यावर लिहीत होतों. तो घरीं आणण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

प्रेमाच्या भरांत आम्हीं २०१२ सालीं त्या झाडास पार बांधला. बुंध्याभोंवतीं दोन हात उंचीचें चिऱ्यांचें गोल जोतें, आंत माती भरून वर सिमेंट आणि शहाबादी फरशी. संध्याकाळीं तेथें बसून चहा घ्यावा, विद्यार्थी आले तर त्यांच्याशीं दोन गोष्टी कराव्या, अशी आमची हौस. बांधकाम करतांना कांहीं मुळें आडवीं आलीं, तीं गवंड्यानें तोडलीं. आमच्या समक्षच तोडलीं. झाडाचा बुंधा मातींत पुरला गेला, मुळांवर फरशी आली, आणि त्या फरशीखालीं पनवेलचा शंभराहून अधिक इंच पाऊस दरसाल मुरूं लागला. कोरड्या रानांतील जातीच्या झाडास आम्हीं ओल्या कोठडींत उभें केलें, आणि त्या कोठडीवर बसून आम्ही चहा पीत होतों.

पांच वर्षांनीं बुंध्याशीं, जमिनीलगत, एक तपकिरी छत्री उगवली. लांकडासारखी कठीण, वरून लाखेसारखी चकचकीत. आम्हांस ती सुंदर वाटली. आल्यागेल्यास आम्ही ती दाखवीत असूं. तिचें छायाचित्रहि काढून ठेविलें आहे. ती गॅनोडर्मा नांवाच्या बुरशीची छत्री होती. ही बुरशी मुळें व बुंधा आंतून कुजविते, आणि तिची छत्री बाहेर दिसूं लागते तेव्हां आंतलें काम पुष्कळसें आटोपलेलें असतें. गुलमोहरास हा रोग वरचेवर होतो. हें ज्ञान आज कोणत्याहि उद्यान-विषयक पुस्तकांत मिळतें. आमच्या कपाटांत तसें पुस्तक नव्हतें, आणि जीं पुस्तकें होतीं त्यांत डॅफोडिलची फुलें होतीं, जीं आम्हीं आयुष्यांत पाहिलेलीं नाहींत.

सांगणारें कोणी नव्हतें असें मात्र नव्हे. २०१८ सालच्या उन्हाळ्यांत कर्नाळ्याकडचा एक म्हातारा ठाकूर वाळक्या फांद्या छाटण्यास आला होता. त्यानें कोयता उलटा धरून बुंध्यावर तीन ठिकाणीं ठोकला, कान लावला आणि म्हणाला, "मास्तर, पोकळ हाय. औंदा नाय तर पुढल्या साली बसल." आम्हीं त्यास मजुरी दिली. पुढें आठच दिवसांनीं शेजारी आले. हे गृहस्थ आमच्याहून दहा वर्षांनीं वडील. स्टँडजवळ त्यांचें वाणसामानाचें लहानसें दुकान होतें. ओट्याखालीं चपला काढून, मोठ्या संकोचानें ते म्हणाले, "सर, तुमचं झाड आमच्या पडवीवर फार ओणवलंय. पावसाआधीं एकदां बघून घ्या. पोरंबाळं असतात खालीं." आम्हीं उत्तर दिलें, "अहो, पन्नाशीला आलेलं झाड तें! त्याला आपल्यापेक्षां अधिक पावसाळे ठाऊक आहेत." शेजारी हंसले आणि परत गेले. त्या कोटीवर आम्ही दोन दिवस खूष होतों.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनें किनाऱ्यास लागलें. सबंध रायगड जिल्ह्यानें त्या दिवशीं जें सोसलें, त्यापुढें आमच्या आळीची कथा कांहींच नव्हे. हजारों माड आणि सुपाऱ्या त्या दुपारीं आडव्या झाल्या. आम्ही टाळेबंदीमुळें घरींच होतों. दुपारीं वाऱ्याचा आवाज पालटला. पत्रे, कौलें उडाल्याचे आवाज येतच होते. त्यांत एक आवाज निराळा आला, एखादें जाड कापड टरकन् फाडावें तसा. खिडकींतून पाहतों तों अंगणांत नको तेवढा उजेड. गुलमोहराचा अर्धा भाग बुंध्यापासून चिरत शेजारच्या पडवीवर उतरला होता. तीं फुलाचे दिवस होते. पडवीचे मोडके वांसे, कौलांचा चुरा, आणि त्या सगळ्यावर ओलीं तांबडीं फुलें.

पडवींत शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा नातू होता. दार लावून घ्यावयास तो गेला होता. त्याचा उजवा हात कोपरापाशीं मोडला. वांसा एक वीतभर इकडे पडता तर काय झालें असतें, हें त्या दिवशीं कोणीं बोललें नाहीं. परंतु प्रत्येकाच्या डोळ्यांत तें दिसत होतें. वाऱ्याचा जोर ओसरल्यावर आम्हीं आमची मोटार काढली. रस्त्यावर ठिकठिकाणीं झाडें पडलेलीं. रुग्णालयांत कोरोनाच्या भीतीनें अर्धीं दारें बंद. मुलाचा बाप मुलास मांडीवर घेऊन मागें बसला होता आणि शेजारी आमच्या शेजारीं. त्यांनीं आम्हांस कांहीं बोलावें असें आम्हांस फार वाटत होतें. रागवावें, शिव्या द्याव्या, निदान त्या कोटीची आठवण करून द्यावी. त्यांनीं त्यांतलें कांहींच केलें नाहीं. हात बसवून, प्लास्टर घालून, रात्रीं साडेदहा वाजतां आम्ही परत आलों. आळींत दिवे नव्हते. उतरतांना ते एवढेंच म्हणाले, "सर, तुम्ही सकाळपासून जेवला नसाल. घरांत पिठलं-भात असेल, या."

आम्ही तीस वर्षें शोकांतिका शिकवीत आलों. नायकाच्या दोषामुळें निरपराध्यांचा बळी जातो, तेव्हां प्रेक्षकास करुणा आणि भय यांचा अनुभव येतो, असें आमच्या टिपणवहींत आहे. प्रेक्षकाचें ठीक आहे. नायकास काय वाटतें, तें आम्हांस त्या पिठलें-भाताच्या ताटावर समजलें. त्यास लाज वाटते. दुसरें कांहींहि नाहीं.

उरलेलें झाड काढणें प्राप्तच होतें. महाराष्ट्रांत नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. रीतसर अर्ज झाला, पाहणी झाली, परवानगी आली. पुढील वर्षीं, म्हणजे २०२१ सालीं, त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारशाचा दर्जा मिळाला. आमचा गुलमोहर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ही बातमी वाचली त्या दिवशीं मनांत आलेला पहिला विचार असा कीं, दोन वर्षें थोडक्यांत चुकलीं! सवय लौकर जात नाहीं. वयानें पोकळी भरून येत नसते, हें झाडालाहि लागू आणि प्राध्यापकालाहि. तोच म्हातारा ठाकूर कापावयास आला. बुंधा उघडला तेव्हां आंत मनगट जाईल एवढी नव्हे, तर माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी निघाली. तळाशीं काळा, ओला भुगा. त्यानें आमच्याकडे पाहिलें. बोलला मात्र नाहीं. त्या आठवड्यांत आमच्याशीं न बोलण्याचें सौजन्य पुष्कळांनीं दाखविलें.

आई ओट्यावर बसून हें पाहत होती. तिचें वय तेव्हां ऐंशीच्या घरांत. सर्व जग आम्हांस बहुवचनांत वागवितें. आई तेवढी एकवचनांत. ती म्हणाली, "अरे, तिथं पूर्वीं तामण होतं."

आम्हांस वाटलें, पूजेंतलें ताम्हन. विहिरीवर घासतांना तें कधीं काळीं मातींत गाडलें गेलें असावें, आणि आतां मूळ निघाल्यावर सांपडेल, अशी तिची समजूत असावी. आम्ही म्हणालों, "नवं आणूं आपण." तेव्हां ती हंसली. "भांडं नव्हे रे, झाड. बोंडारा म्हणतात तें. जांभळीं फुलं यायचीं. तुझ्या बाबांना लाल रंगाची भारी हौस. त्यांनीं तें काढलं. तुझी आजी दोन दिवस जेवली नाहीं."

अठ्ठेचाळीस वर्षें आई त्या तांबड्या पाकळ्या कळशीनें बाजूस सारीत होती, आणि ही गोष्ट तिनें एकदांहि काढली नव्हती. आम्हीं विचारलें, इतकीं वर्षें बोलली कां नाहींस? ती म्हणाली, "बोलून काय करायचं होतं? हेंहि चांगलंच फुलायचं कीं."

आईचें हें वाक्य आम्ही जपून ठेविलें आहे. कारण त्यानंतर आमच्या कांहीं उत्साही विद्यार्थ्यांनीं आमची समजूत घालतांना असा पक्ष मांडला कीं, परदेशी झाडांचें असेंच व्हावयाचें. तीं सर्व काढून टाकून देशी झाडेंच लावावीं. देशी झाडांवर येथील पांखरें, फुलपांखरें आणि किडेमुंग्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या आहेत, तेव्हां तीं अधिक लावावीं हें त्यांचें म्हणणें अगदीं रास्त आहे, आणि आम्हांस तें मान्य आहे. परंतु सरसकट हद्दपारी म्हटली कीं आम्ही बिचकतों. ज्या बटाटेवड्यावर ही चर्चा चालली होती, त्यांतला बटाटा अमेरिकेचा आणि मिरचीहि अमेरिकेची. देवाला वाहतों तो खुरचाफाहि तिकडचाच. आईच्या तुळशीवृंदावनापाशीं जी सदाफुली आहे, ती गुलमोहराच्याच बेटावरून आली. तिच्यापासून मिळणाऱ्या औषधांनीं रक्ताचा कर्करोग झालेलीं कितीतरी मुलें वांचलीं आहेत. आणि इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आमच्यासारख्या माणसानें परक्या रोपास नांवें ठेवावीं, तर आरशांत पाहण्याची सोय उरणार नाहीं. गुलमोहर वाईट नव्हता. त्याचें लांकूड ठिसूळ, मुळें उथळ आणि पसारा छत्रीसारखा रुंद. त्यास मोकळें माळरान हवें. विहीर आणि पडवी यांच्या मधली बोळकांडी त्यास दिली ती वडिलांनीं, आणि मुळांवर फरशी घातली ती आम्हीं. दोघांनींहि प्रेमानेंच केलें. प्रेम केल्यानें विचारपूस करण्याची जबाबदारी संपत नाहीं, एवढेंच आमच्या घराण्यास ठाऊक नव्हतें.

त्या जागीं काय लावावें, असा प्रश्न आला तेव्हां आम्हीं प्रथमच एक शहाणपणाची गोष्ट केली. आम्ही शेजाऱ्यांकडे गेलों, ओट्याखालीं चपला काढल्या आणि विचारलें. त्यांनीं नातवाला बोलाविलें. त्याच्या हाताचें प्लास्टर निघालें होतें, परंतु कोपर पूर्ण सरळ होत नव्हता. आजहि होत नाहीं. तो म्हणाला, "आजी म्हणतात तें जांभळं लावा." आजी म्हणजे आमची आई. दोघांमध्यें अगोदरच ठरलें होतें, असें दिसतें.

२०२१ च्या पावसाळ्यांत ताम्हणाचें रोप आणलें. पार फोडला, फरशी उचलली, विहिरीपासून आणि पडवीपासून सारख्या अंतरावर, जरा मोकळ्या बाजूस खड्डा घेतला. ताम्हण हें महाराष्ट्राचें राज्यपुष्प. कोंकणांत ओढ्यानाल्यांच्या कांठीं तें आपोआप वाढतें. ओल त्यास मानवते. उंची बेताची, लांकूड चिवट. पूर्वेकडे त्याच्या होड्या करीत. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे महाराष्ट्रदिनाच्या सुमारास, त्यास जांभळे तुरे येतात. सहा पाकळ्या, इस्त्री न केलेल्या रेशमासारख्या चुरगळलेल्या. शास्त्रीय नांव पाहण्यास आम्हीं पुस्तक उघडलें, तों तेथेंहि एक परदेशी पाहुणा बसलेला! लिनीअसनें या झाडांच्या कुळास लागरस्ट्रोम नांवाच्या आपल्या एका स्वीडिश व्यापारी मित्राचें नांव दिलें आहे. त्यानें पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने लिनीअसला पुरविले होते. म्हणजे परदेशी झाडास मोर आणि मोहोर, आणि देशी झाडास स्वीडनचा व्यापारी! नांवांवरून कुळी ठरविणाऱ्यांनीं याचा अवश्य विचार करावा.

त्याच पावसाळ्यांत विहिरीच्या कडेस गुलमोहराचीं तीन रोपें आपण होऊन उगवलीं. कोणीं तरी बी रुजत घालावें लागतें असें आम्हीं वर लिहिलें आहे. परंतु एखादें बी सगळे नियम मोडून रुजतें. दोन सुकलीं. तिसरें आम्हीं एका डब्यांत घातलें आणि त्या म्हाताऱ्या ठाकराच्या हवालीं केलें. त्यानें तें कर्नाळ्याच्या बाजूस आपल्या माळावर, बांधापासून दूर, एकटेंच लावलें आहे. आम्हीं विचारलें, येथें कां? तो म्हणाला, "हितं पडला तर गवतावर पडल." वनस्पतिशास्त्रावरील इतकें नेमकें वाक्य आमच्या वाचनांत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत ताम्हणास पहिले तुरे आले. फार नव्हते, मोजून चार. आईला खुर्चीसकट ओट्यावर आणून बसविलें. शेजारी आले, त्यांच्या सूनबाई आल्या. नातू आतां दहावींत जाणार; मिसरूड फुटूं लागलें आहे. त्यास फूल जवळून पाहावयाचें होतें. त्यानें उजवा हात वर केला. फांदी फार उंच नव्हती, परंतु हात जेथपर्यंत जावयास हवा तेथपर्यंत गेला नाहीं. त्यानें तो सहज खालीं घेतला आणि डावा वर करूं लागला. तेवढ्यांत आम्हीं पुढें होऊन फांदी वांकविली आणि त्याच्या उजव्या हातापाशीं धरून उभे राहिलों.